टेबलावर छान वाजतो, डब्यात गेला की बिघडतो: घरी बनवलेल्या हेडफोन अ‍ॅम्पचा डबा

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे समजण्यात काही चुकलं असेल तर लगेच सांगता येईल. तुम्ही ९ व्होल्टच्या एकाच बॅटरीवर चालणारा सीमॉय (चू मॉय यांच्या आराखड्यावरचा छोटा हेडफोन अ‍ॅम्प) व्हेरोबोर्डवर, म्हणजे भोकांच्या तयार बोर्डवर बनवलात, आवाज वाढवणारी आयसी ओपीए २१३४. टेबलावर उघडा ठेवून आठवडाभर ऐकलात, आवाज स्वच्छ होता. मग स्टीलच्या चौकोनी डब्याला भोकं पाडून त्यात बसवलात आणि त्याच वेळी अ‍ॅडॉप्टरसाठी एक डीसी सॉकेटही जोडलंत. तिथून सगळं बिनसलं. आवाज फाटका, आयसीला बोट लावलं तर चटका बसतो, नवी बॅटरी संध्याकाळपर्यंत बसली. आयसी बदलून पाहिलीत, तरी तेच. अ‍ॅडॉप्टर लावला की घुंईऽ असा आवाज येतो आणि नॉबला हात लावला की तो वाढतो. आयसी नकली निघाली का आणि यापेक्षा चांगली कोणती घ्यावी, असं तुम्ही विचारलंय.

आयसी नकली असूही शकते, ती कशी ओळखायची ते खाली लिहितो. पण जी वस्तू आठवडाभर उघड्यावर नीट चालली आणि डब्यात गेल्या दिवशीच बिघडली, तिच्या बाबतीत आधी डब्याला पकडायचं. गेली सोळा-सतरा वर्षं मी हे अ‍ॅम्प बनवतोय, स्वतःसाठी आणि मित्रमंडळींसाठी मिळून चाळीसेक तरी झाले असतील. त्यातले जे बिघडले, ते बहुतेक डब्यात बसवतानाच बिघडले. आपण डब्याला पेटी समजतो, शेवटी घालायचं आवरण समजतो. प्रत्यक्षात धातूचा डबा ही तुमच्या सर्किटमधली सगळ्यात मोठी तार असते. तिला कुठलंही सॉकेट टेकलं की ते सर्किटमध्ये जोडलं गेलं, मग तुमच्या आराखड्यात तशी रेघ असो वा नसो.

आता तुमच्या बाबतीत काय झालं असावं ते बघू. सीमॉयमध्ये बॅटरी एकच असते, पण आयसीला धन, ऋण आणि त्यांच्या मधोमध एक शून्य अशी तीन टोकं लागतात. म्हणून सारखे दोन रेझिस्टर, बहुतेक आराखड्यांत ४.७ किलोओहमचे, बॅटरीच्या दोन टोकांमध्ये एकापुढे एक लावतात आणि त्यांच्या सांध्याला शून्य मानतात. दोन्हींवर एकेक २२० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर असतो. हा सांधा म्हणजे व्हर्च्युअल ग्राउंड. बॅटरीच्या ऋण टोकापेक्षा तो साडेचार व्होल्ट वर असतो. तुमच्या इनपुट सॉकेटचं आणि हेडफोन सॉकेटचं बाहेरचं टोक याच सांध्याला जोडलेलं आहे.

आणि डीसी सॉकेटचं बाहेरचं टोक? ते बॅटरीच्या ऋण टोकाला.

धातूचा गळा असलेलं हेडफोन सॉकेट डब्याला नटाने आवळलं की डबा व्हर्च्युअल ग्राउंडला जोडला जातो. धातूचंच डीसी सॉकेट त्याच डब्याला आवळलं की डबा ऋण टोकालाही जोडला जातो. म्हणजे साडेचार व्होल्टांचं अंतर असलेल्या दोन जागा डब्याने एक करून टाकल्या. अ‍ॅडॉप्टर लावलेला नसला तरी हे होतं, कारण सॉकेटची तार बॅटरीकडे गेलेलीच असते. आता आयसीच्या दृष्टीने शून्य आणि ऋण एकच झाले. तिला आउटपुट अगदी ऋण टोकापर्यंत नेता येत नाही, ते जरा वरच अडकतं. तेवढा डीसी, म्हणजे एकाच दिशेचा न बदलणारा व्होल्टेज, थेट हेडफोनच्या कॉइलवर बसतो आणि गाणं बंद असलं तरी करंट वाहत राहतो. ३२ ओहमच्या हेडफोनवर एक व्होल्ट डीसी म्हणजे एका कानाला ३० मिलिअँपिअरच्या वर, दोन्ही मिळून ६० च्या पुढे. ९ व्होल्टच्या अल्कलाइन बॅटरीत ढोबळमानाने ५०० मिलिअँपिअर-तास असतात. एरवी ती तीस-चाळीस तास चालते, इथे संध्याकाळपर्यंत बसणारच. लाटेचा खालचा अर्धा भाग कापला गेल्याने आवाज फाटतो. तुमच्या तिन्ही तक्रारींचं उत्तर या एका जोडात आहे.

तुमचा डबा मी पाहिलेला नाही, त्यामुळे खात्री मीटरनेच करा. बॅटरी काढा. मल्टिमीटर ओहमवर ठेवून एक प्रोब हेडफोन सॉकेटच्या बाहेरच्या टोकाला आणि दुसरा बॅटरीच्या काळ्या तारेला लावा. जोड नसेल तर आकडा कपॅसिटर भरत जाईल तसा हळूहळू चढतो आणि ४.७ किलोओहमच्या आसपास, कधी थोडा खाली, थांबतो. मीटरने टुंऽ केलं किंवा शून्याजवळचा आकडा दाखवला, तर मी वर लिहिलंय तेच झालंय. डीसी सॉकेटचा नट काढून ते डब्यापासून हवेत धरा आणि पुन्हा मोजा. आकडा चढायला लागला की चोर सापडला.

एक गोष्ट मात्र आत्ताच सांगतो: हे होईपर्यंत चांगला हेडफोन त्या अ‍ॅम्पला लावू नका. कॉइलमधून सतत डीसी गेला की ती तापते, आणि एकदा जळाली की दुरुस्ती नाही. माझ्याकडे एका मित्राचा हेडफोन आला होता, याच कारणाने उजवा कान कायमचा गेलेला. तेव्हापासून शंभर-दीडशे रुपयांचा इअरफोन मी फक्त पहिल्या जोडणीसाठी टेबलाच्या खणात ठेवलाय.

उपाय दोन आहेत. पहिला, डीसी सॉकेट पूर्ण प्लास्टिकच्या अंगाचं घ्यायचं, म्हणजे त्याचं कुठलंही टोक डब्याला लागत नाही. मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तपकीर गल्लीत मागताना ‘प्लास्टिक बॉडी, पॅनलला बसणारं’ असं स्पष्ट सांगा, नाहीतर चकचकीत धातूचंच हातात पडतं. दुसरा उपाय, आणि माझा कल याच बाजूला आहे: या अ‍ॅम्पवरून डीसी सॉकेट काढूनच टाका. ९ व्होल्टच्या दोन रिचार्जेबल बॅटऱ्या घ्या, एक आत आणि एक बाहेर चार्जरवर. व्हर्च्युअल ग्राउंडचा अ‍ॅम्प बॅटरीवर फार गुणी असतो. त्याला बाहेरून वीज दिली की नको ते प्रश्न सुरू होतात.

त्यातला सर्वात फसवा प्रश्न यूएसबीचा. हल्ली पुष्कळ जण यूएसबीचे ५ व्होल्ट छोट्या बूस्ट मॉड्यूलने ९ किंवा १२ करून असा अ‍ॅम्प चालवतात. पॉवर बँकेवर तो चालतो. पण ज्या लॅपटॉपवर गाणं लावलंय त्याच लॅपटॉपच्या यूएसबीवर लावला की वरचाच जोड पुन्हा तयार होतो, आणि या वेळी डब्याचा काहीही संबंध नसतो. लॅपटॉपच्या आत यूएसबीचं ऋण आणि हेडफोनच्या जॅकचं ग्राउंड एकच असतं. तुमचं ऋण टोक एका वायरीने तिथे गेलं, तुमचं व्हर्च्युअल ग्राउंड दुसऱ्या वायरीने तिथेच गेलं. प्लास्टिकच्या डब्यातही हे होतं आणि माणूस महिनाभर आयसी बदलत बसतो.

आता घुंईचं. नॉबला हात लावल्यावर ती वाढते असं तुम्ही लिहिलंय, आणि हा चांगला धागा आहे. हात लावल्यावर गोंगाट वाढला तर ज्या धातूला हात लागला तो ग्राउंडला जोडलेला नाही. आपलं शरीर घरातल्या वायरिंगचे ५० हर्ट्झ सतत पकडत असतं आणि तो मोकळा धातू ते आत नेऊन सोडतो. हात लावल्यावर गोंगाट कमी झाला तर उलट समजायचं: डबा ग्राउंडला आहे, पण सगळी साखळी जमिनीपासून तरंगती आहे आणि तुमच्या शरीरातून तिला वाट मिळते. तुमचं पहिल्या प्रकारात बसतं. डबा तर जोडलेला, मग पोटेन्शिओमीटर (नॉबखालचा आवाज कमी-जास्त करणारा भाग, थोडक्यात पॉट) मोकळा कसा? डब्यावर आतून-बाहेरून रंग किंवा लॅकर आहे का ते बघा. सॉकेटचा नट रंग खरवडून धातूपर्यंत पोचला असेल आणि पॉटचा नट रंगावरच बसला असेल, तर असं होतं.

याच गोष्टीने मला एकदा दोन रविवार पळवलं. स्लायडिंग खिडक्या करणाऱ्याकडे अ‍ॅल्युमिनियमच्या चौकोनी पाइपचे तुकडे पडलेले असतात. चार इंच रुंद आणि पावणेदोन इंच उंच असा एक सेक्शन अ‍ॅम्पच्या डब्यासाठी जणू मुद्दाम काढलेला आहे. सहा इंचांचा तुकडा कापून घ्यायचा, पुढे-मागे पत्र्याच्या पाट्या लावायच्या, झाला डबा. मी घेतलेल्या तुकड्याला सुंदर काळसर अ‍ॅनोडायझिंग होतं. सगळं बसवलं आणि घुंई जाईना. बोर्ड उलटापालटा करून झाला, इनपुटच्या तारा बदलून झाल्या. शेवटी मीटरचा एक प्रोब डब्यावर टेकवला, दुसरा त्याच डब्यावर इंचभर लांब. मीटर गप्प. अ‍ॅनोडायझिंगचा थर वीज वाहून नेत नाही हे मला वाचून माहीत होतं, पण डोळ्यांसमोर चमकणारा धातू असताना ते सुचलंच नाही. सगळे भाग एकमेकांना टेकलेले दिसत होते आणि एकही जोडलेला नव्हता. चाकूच्या टोकाने स्क्रूच्या भोवतालचा रुपयाएवढा गोल पांढरा होईपर्यंत खरवडला, त्यावर दातेरी वॉशर ठेवून तार आवळली, आणि घुंई गेली. तेव्हापासून रंगवलेला असो, पावडर कोटिंगचा असो की अ‍ॅनोडाइज केलेला, डब्याचा प्रत्येक तुकडा मी मीटरने तपासतो. पॉटच्या मागच्या पत्र्यावरही एक बारीक तार डाग देऊन (सोल्डर करून) ग्राउंडला नेतो. नटाच्या भरवशावर राहत नाही.

ग्राउंड डब्याला एकाच जागी जोडायचं. माझ्या पद्धतीत ती जागा इनपुट सॉकेटपाशी असते. बाकीची सॉकेटं, हेडफोनचं धरून, डब्यापासून वेगळी ठेवायची, म्हणजे प्लास्टिकच्या अंगाची. हेडफोनचा परतीचा करंट डब्यातून फिरून येऊ नये, तारेनेच बोर्डवर यावा, हा त्यामागचा विचार. खिशात मावेल एवढ्या अ‍ॅम्पमध्ये दोन्ही सॉकेटं धातूची असली तरी सहसा चालून जातं. मोठ्या डब्यात चालत नाही.

अ‍ॅडॉप्टर लावल्यावर जी वेगळी घुंई येते ती मात्र बहुधा अ‍ॅडॉप्टरचीच. दोन पिनांच्या स्विचिंग अ‍ॅडॉप्टरमध्ये मेनच्या बाजूकडून आउटपुटकडे एक छोटा कपॅसिटर असतो. त्यातून अगदी थोडा करंट गळतो. धातूच्या लॅपटॉपवर चार्जिंग चालू असताना हात ठेवला की कधीकधी मुंग्या येतात, त्या याच. पडताळायला सोपं आहे: लॅपटॉपचा चार्जर काढा, अ‍ॅम्प बॅटरीवर ठेवा. शांत झालं तर तुमच्या बोर्डात दोष नाही.

आता नकली आयसीचं. बाजारात ओपीए २१३४ चा शिक्का मारलेल्या दुसऱ्याच आयसी मिळतात हे खरं आहे, पण कान लावून ते ओळखता येत नाही. मी दोन मोजमापं घेतो. पहिलं, गाणं बंद, एलईडी काढलेला, बॅटरीच्या मालिकेत मीटर मिलिअँपिअरवर. खऱ्या ओपीए २१३४ ला दोन्ही भाग मिळून ८ मिलिअँपिअर लागतात, त्यात व्होल्टेज विभागणाऱ्या रेझिस्टरांचा जवळपास १ धरा, म्हणजे ९ च्या आसपास. मीटर ३-४ दाखवत असेल तर शिक्क्याखाली टीएल ०७२ किंवा ४५५८ च्या जातीचं काहीतरी आहे. दुसरं मोजमाप आउटपुटवरच्या डीसीचं, हेडफोन न लावता. तुमच्या इनपुटला कपॅसिटर आहे आणि त्यामागे १०० किलोओहमचा रेझिस्टर. खऱ्या आयसीत फेट (करंट जवळजवळ न घेणाऱ्या ट्रान्झिस्टरचं) इनपुट असल्याने त्या रेझिस्टरातून जवळजवळ काहीच वाहत नाही, म्हणून आउटपुटवर काही मिलिव्होल्ट दिसतात, ११ पट गेनला (गेन म्हणजे अ‍ॅम्प सिग्नल किती पट वाढवतो ते) फार तर वीसेक. शिक्क्याखाली एनई ५५३२ असेल तर करंट ८ च दिसेल आणि पहिल्या चाचणीत ती निसटेल, पण तिच्या इनपुटला साधारण २०० नॅनोअँपिअर लागतात. ते १०० किलोओहममधून गेले की २० मिलिव्होल्ट, गुणिले ११ म्हणजे २२० मिलिव्होल्ट. इथे ती पकडली जाते.

म्हणूनच ‘एनई ५५३२ स्वस्त आणि मस्त आहे, तीच टाक’ हा सल्ला सीमॉयमध्ये जसाच्या तसा घेऊ नका. आयसी उत्तम आहे, मी तिचे प्रीअ‍ॅम्प बनवलेत. पण तिच्यासाठी भोवतालचे रेझिस्टर बदलावे लागतात. नुसती सॉकेटमध्ये खुपसली की हेडफोनवर डीसी येतो.

चांगली आयसी कोणती, याचं उत्तर तुमच्या हेडफोनवर अवलंबून आहे, आणि हेडफोन कोणता ते तुम्ही लिहिलेलं नाही. सेनहायझर एचडी ६०० सारखा ३०० ओहमचा असेल तर त्याला व्होल्टेज हवा, करंट थोडाच लागतो. ९ व्होल्टच्या बॅटरीतून आयसीला दोन्ही बाजूंना तीनेक व्होल्ट जाता येतं, तेव्हा शिखरावर १० मिलिअँपिअर. ओपीए २१३४ हे सहज करते. ३२ किंवा १६ ओहमचा असेल तर गणित उलटं होतं. तिथे व्होल्टेज भरपूर असतो आणि आयसीचा करंट ३५-४० मिलिअँपिअरपाशी संपतो. अशा हेडफोनसाठी ओ२ या आराखड्यात एनजेएम ४५५६ आउटपुटला घेतली आहे, तिचा प्रत्येक भाग ७० मिलिअँपिअर देतो, आणि असे दोन भाग एका कानाला समांतर लावलेत. तो आराखडा २०११ मध्ये एनडब्ल्यूएव्हीगाय या टोपणनावाने लिहिणाऱ्या माणसाने मोजमापांसह खुला केला. त्यात ९ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या आहेत आणि त्यांचा सांधा हेच खरं ग्राउंड, त्यामुळे तुम्हाला नडलेला निम्मा प्रश्न तिथे उद्भवतच नाही. दुसरा अ‍ॅम्प बनवायचा विचार असेल तर तोच बनवा.

आणि इन-इअर असेल तर गेन कमी करा. मूळ आराखड्यात १ आणि १० किलोओहमने ११ पट गेन मिळतो, तो इन-इअरला फारच जास्त आहे. नॉब जरा हलवला की कान फाटतात, म्हणून तो कायम तळाशी ठेवावा लागतो, आणि तळाशी स्वस्त पॉटचे दोन भाग एकसारखे नसतात. एका कानात आवाज आधी सुरू होतो. १० किलोच्या जागी २.२ किलो टाकलात तर गेन ३ च्या थोडा वर येतो आणि नॉब मधोमध वापरता येतो.

डब्याकडे परत येतो, कारण तुम्ही तो पुन्हा बनवणार आहात. चू मॉय यांचा हा आराखडा नव्वदच्या दशकाच्या अखेरीस आला आणि अमेरिकेत लोकांनी तो पेपरमिंटच्या गोळ्यांच्या पत्र्याच्या डबीत बसवायला सुरुवात केली. ती डबी मऊ पत्र्याची असते. आपला स्टीलचा डबा तसा नाही. पातळ स्टील ड्रिलला धरून ठेवतं, भोक आरपार व्हायच्या क्षणी बिट अडकतं आणि अख्खा डबा गरकन फिरतो. त्याची कड पात्यासारखी असते. हातात धरून कधीच पाडू नका. डब्याच्या आत मापाचा लाकडी ठोकळा बसवा, बाहेरून फळीवर शिकंजाने दाबा, कागदी चिकटपट्टी लावून तिच्यावर खुणा करा, प्रत्येक खुणेवर पंचाने टोचा. आधी ३ मिलिमीटरचं भोक आणि मग स्टेप ड्रिल (पायऱ्यापायऱ्यांनी रुंद होत जाणारं बिट), फेरे कमी ठेवून, दोन थेंब तेल घालत. मोठ्या साध्या बिटने पातळ पत्र्यात गोल भोक पडत नाही, तिकोनी पडतं.

भोकं पाडताना बोर्ड डब्यात नसावा, हेडफोन त्या टेबलावरही नसावा. स्टीलचा चुरा चुंबकाला धावतो आणि हेडफोनच्या ड्रायव्हरमध्ये चुंबकच आहे. एकदा बारीक कीस पडद्यापाशी जाऊन बसला की प्रत्येक खर्जाच्या सुरावर खरखर करतो आणि काढता येत नाही. काम झाल्यावर कानशीने कडा मोडा, डबा साबणाच्या पाण्याने धुवा, वाळवा, मगच बोर्ड आणा. बोर्डाखाली मोटार रिवाइंडिंगवाल्याकडे मिळणारा फिश पेपर (वीज न वाहणारा जाड कागद) घाला, बोर्ड स्पेसरवर चढवा. झाकणाच्या आतल्या बाजूलाही तोच कागद चिकटवा, कारण ९ व्होल्टच्या बॅटरीची दोन्ही टोकं एकाच बाजूला असतात आणि झाकण त्यांच्यावर टेकायला वेळ लागत नाही.

मापं छापील आकड्यांवरून घेऊ नका. ३.५ मिलिमीटरच्या सॉकेटला सहसा ६ मिलिमीटरचं भोक लागतं, जपानी धाटणीच्या छोट्या पॉटला ७ चं, आपल्याकडच्या जुन्या मोठ्या पॉटला तीन सूत, म्हणजे साडेनऊच्या आसपास. पण प्रत्येक वस्तू हातात घेऊन व्हर्नियरने मोजा. आणि नॉब व सॉकेट यांच्यातलं अंतर ठरवताना पिन घालून बघा. आडव्या वळणाच्या पिनेला फिरायला जागा लागते, जाड पिन नॉबला टेकते. मी आधी पुठ्ठ्याचा डबा करतो, त्यात सगळं बसवून, पिना लावून, झाकण लावून बघतो. बोर्ड त्या पुठ्ठ्यात मावला की मगच पत्र्याला हात लावतो. आडवे कपॅसिटर लावायचे की उभे हेही तिथेच कळतं.

स्टील, अ‍ॅल्युमिनियम की प्लास्टिक? बॅटरीवरच्या अ‍ॅम्पला मी अ‍ॅल्युमिनियम घेतो, कारण हाताच्या साधनांनी ते नीट कापता येतं आणि मोबाइलची टिरटिर अडवायला पुरतं. जवळ ट्रान्सफॉर्मर असेल तर मात्र त्याचं ५० हर्ट्झचं चुंबकीय क्षेत्र पातळ अ‍ॅल्युमिनियम अडवत नाही, स्टील बऱ्यापैकी अडवतं. तिथेही खरा उपाय अंतर हाच. अंतर दुप्पट केलं की ते क्षेत्र साधारण एक अष्टमांश होतं. प्लास्टिकचा डबा घेतलात तर आतून तांब्याची चिकटपट्टी लावा. एसीच्या डक्टची अ‍ॅल्युमिनियमची पट्टी स्वस्त पडते, पण तिला डाग बसत नाही आणि तिचा गोंद बहुतेक वेळा वीज नेत नाही, त्यामुळे दोन पट्ट्या एकावर एक चिकटवल्या तरी जोडल्या जात नाहीत. हवा खेळायला भोकांची या अ‍ॅम्पला गरज नाही. ९ व्होल्ट, ९ मिलिअँपिअर, तापण्यासारखं त्यात काही नाही. तो तापतोय याचाच अर्थ कुठेतरी चुकलंय.

तापण्याचं दुसरंही एक कारण असतं, ते लिहून ठेवतो. वरचा जोड सापडला नाही, तरी आयसी गरमच असेल, तर ती आतल्या आत कंप पावत असेल, कानाला ऐकू येणार नाही इतक्या वरच्या वारंवारतेला. डब्यात बसवताना आपण तारा लांब करतो आणि आउटपुटची तार इनपुटच्या तारेला चिकटून जाते, त्यातून हे होतं. आयसीच्या पॉवरच्या दोन पायांमध्ये, अगदी पायांपाशी, ०.१ मायक्रोफॅरडचा सिरॅमिक कपॅसिटर लावा, इनपुटच्या तारा आखूड आणि शील्डेड ठेवा, आउटपुटच्या तारा डब्याच्या दुसऱ्या कडेने न्या.

आता क्रम असा धरा. बॅटरी काढून हेडफोन ग्राउंड ते ऋण टोक हा रेझिस्टन्स. तो ठीक आला की बॅटरी लावून व्हर्च्युअल ग्राउंडपासून धन आणि ऋण दोन्हीकडे साडेचार-साडेचार व्होल्ट येतात का. मग दोन्ही आउटपुटवरचा डीसी, आणि बॅटरीतून जाणारा करंट. डीसी ५० मिलिव्होल्टच्या वर असेल तर स्वस्त इअरफोनही लावू नका. हे चार आकडे आणि हेडफोनचं नाव मला कळवा, सोबत डब्याच्या आतला एक फोटो, ज्यात डीसी सॉकेटचा नट दिसेल असा. गेन किती ठेवायचा आणि कोणता पॉट घ्यायचा ते मग हेडफोन बघून सांगतो.